अमेरिकन बॉक्सिंगचा तुटलेला जिना

मंडळी, ‘अमेरिकेत बॉक्सिंग संपलं का हो?’ असं मला बरेच जण विचारतात. विचारणाऱ्याला अली आणि टायसन यांच्यापुढे तिसरं नाव सहसा आठवत नाही. त्यात त्याची चूक नाही, कारण तिसरं नाव कानावर पडायची सोयच मोडली आहे. आज मी बोलणार आहे ते त्या सोयीबद्दल, म्हणजे नवख्या पोराला जगज्जेतेपदापर्यंत आणि लोकांच्या नजरेपर्यंत नेणाऱ्या जिन्याबद्दल.

पैसा आटला, प्रेक्षक आटले, असं म्हणणाऱ्यांनी १३ सप्टेंबर २०२५ ची रात्र आठवावी. लास व्हेगासच्या अलीजियंट स्टेडियममध्ये सत्तर हजारांवर माणसं. अमेरिकेतल्या ओमाहाचा टेरेन्स क्रॉफर्ड दोन वजनगट वर चढून मेक्सिकोच्या कॅनेलो अल्वारेझसमोर उभा राहिला आणि बारा फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला. तीन वेगवेगळ्या वजनगटांत जगज्जेतेपद देणाऱ्या चारही संस्थांचे पट्टे एकहाती मिळवणारा तो पहिला पुरुष. लढत नेटफ्लिक्सवर होती, नेहमीच्या वर्गणीत, वेगळे पैसे न मोजता.

पुढची गंमत ऐका. तीन महिन्यांच्या आत त्यातल्या एका संस्थेने, डब्ल्यूबीसीने, आपला पट्टा त्याच्याकडून काढून घेतला. भांडण फीचं. पट्टा देणाऱ्या संस्था मानधनाच्या साधारण तीन टक्के घेतात. संस्थेच्याच सांगण्याप्रमाणे क्रॉफर्डची कमाई पाच कोटी डॉलरच्या घरात होती, म्हणून त्याला सवलत देऊन ०.६ टक्के मागितले. म्हणजे तीन लाख डॉलर. त्याने दिले नाहीत. बाकीच्या तिघांनी मी देऊ केलं ते घेतलं, मग तुम्हीच कोण टिकोजीराव, असा त्याच्या बोलण्याचा एकूण सूर होता. त्याच डिसेंबरात, ४२ लढतींत एकदाही न हरता, तो निवृत्त झाला. पट्टा मग दुसऱ्या कुणासाठी मोकळा.

अशा संस्था चार: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. वजनगट सतरा. आपल्याकडे २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावला एक आणि धाराशिवला एक असे दोन महाराष्ट्र केसरी झाले, तर गावोगावच्या पारांवर केवढी चर्चा! तिथे एकेका गटात चार-चार जगज्जेते, आणि हे वर्षानुवर्षं चाललंय.

पण माझ्या मते पट्ट्यांचा गोंधळ हा दुय्यम रोग आहे. खरी पडझड जिन्याची झाली. १९४० आणि ५० च्या दशकांत जिलेट कंपनीच्या पैशांवर शुक्रवारी रात्री घराघरांत बॉक्सिंग दिसायचं, फुकट. १९६० साली एनबीसी वाहिनीने ते थांबवलं. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाचा चार्ली मोर कॉलेज स्पर्धेतल्या लढतीनंतर दगावला आणि कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेने, एनसीएएने, हा खेळच आपल्या यादीतून काढला. परिणाम बघा. सव्वासहा फुटांच्या, चपळ पोराला फुटबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये शिष्यवृत्ती मिळते, फुकट शिक्षण मिळतं. बॉक्सिंगमध्ये काय मिळतं? हेवीवेटमध्ये अमेरिकेचा शेवटचा जगज्जेता अलाबामाचा डिऑन्टे वाइल्डर. तो फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटनच्या टायसन फ्युरीकडून हरला, आणि तेव्हापासून मुख्य पट्टे युक्रेन आणि ब्रिटनमध्येच फिरताहेत.

मधल्या काळात एचबीओ वाहिनीने हा खेळ ४५ वर्षं जपला आणि २०१८ मध्ये सोडला. शोटाइम ही दुसरी वाहिनी २०२३ अखेर बाहेर पडली. लढती भरवणाऱ्या टॉप रँक कंपनीचा ईएसपीएन वाहिनीशी करार २०२५ च्या उन्हाळ्यात संपला. एका लढतीचे वेगळे पैसे घ्यायची पद्धत २०१५ मध्ये शिगेला पोचली: मेवेदर-पॅकियाओ लढत, शंभर डॉलर, ४६ लाख घरं. कमाई अफाट, पण ज्या घरांनी शंभर डॉलर दिले नाहीत तिथल्या पोरांनी बॉक्सिंग बघितलंच नाही.

आता चार फेऱ्यांवर लढणारा एखादा नवखा घ्या. मानधन हजार-दीड हजार डॉलर. त्यातले दहा टक्के प्रशिक्षकाचे, मॅनेजर असेल तर तो तिसऱ्या हिश्श्यापर्यंत घेऊ शकतो. रक्ततपासणी, डोळ्यांची तपासणी, राज्याचा परवाना, हे खर्च बऱ्याचदा त्याच्याच खिशातून. शिवाय प्रवर्तक, म्हणजे लढत भरवणारा, त्याच्या हातात तिकिटांचा गठ्ठा देतो: वीक, म्हणजे त्या रात्रीच्या लढतींच्या यादीत नाव येईल. पोरगा ठोसे मारायला शिकतो आणि काकाला, मित्राला, न्हाव्याला तिकिटंही खपवतो. दिवसा नोकरी असतेच.

या पार्श्वभूमीवर यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या कंपनीचे डेना व्हाइट आणि त्यांची मालक कंपनी टीकेओ सौदी पैशाच्या साथीने बॉक्सिंगमध्ये उतरले आहेत. झुफा बॉक्सिंग हे त्यांचं दुकान. एक कंपनी, तिचीच क्रमवारी, तिचाच पट्टा, नियमित कार्यक्रम. जिना परत बांधायचा तर ही कल्पना वाईट नाही, हे मी मान्य करतो. अडचण २००० सालच्या मुहम्मद अली कायद्याची आहे. त्या कायद्याने प्रवर्तक आणि मॅनेजर वेगळे ठेवले, आणि लढतीतून आपल्याला किती मिळतंय हे प्रवर्तकाने बॉक्सरला सांगायचं असं बंधन घातलं. २०२५ मध्ये आलेल्या दुरुस्ती विधेयकात ‘एकीकृत बॉक्सिंग संघटना’ नावाची वेगळी वाट आहे, म्हणजे लढती, क्रमवारी आणि पट्टा हे सगळं एकाच कंपनीकडे. प्रत्येक फेरीला किमान मानधन आणि विमा या तिच्या जमेच्या बाजू, आणि त्या खोट्या नाहीत. वर सांगितलेल्या पोराला त्यांचा फायदाच होईल. पण क्रमवारीही तुमची, करारही तुमचाच, आणि हिशेब दाखवायचं बंधन मात्र ढिलं, तर पोरगा घासाघीस कशाच्या जोरावर करणार? यूएफसीच्या जुन्या लढवय्यांनी कंपनीवर मक्तेदारीचा दावा लावला होता. तो साडेसदतीस कोटी डॉलर देऊन मिटवावा लागला. मी खासदार असतो तर विमा ठेवला असता आणि हिशेबाचं कलम नव्या संघटनांनाही जसंच्या तसं लावलं असतं.

खेळाडूंचा मात्र दुष्काळ नाही. सॅन अँटोनियोचा जेसी ‘बॅम’ रॉड्रिग्ज ११५ पौंडात असा कोन बदलतो की समोरच्याचा ठोसा हवेतच जातो. नेवार्कच्या शकूर स्टीव्हन्सनचा बचाव बघत बसावा, काहींना कंटाळवाणा वाटतो, मला नाही. मिशिगनमधल्या फ्लिंटची क्लॅरेसा शील्ड्स तर दोन ऑलिंपिक सुवर्णं घेऊन आलेली. २०२५ मध्ये तिने स्वतःच्या गावात हेवीवेटचे पट्टे एकत्र केले.

पुरुषांचं ऑलिंपिक सुवर्ण? २००४, अथेन्स, आंद्रे वॉर्ड. त्यानंतर एकही नाही. पॅरिसला २०२४ मध्ये सगळ्या संघाचं मिळून एक कांस्य. २०२८ च्या लॉस एंजेलिस खेळांत बॉक्सिंग राहणार की नाही हेच बराच काळ अधांतरी होतं. जुन्या जागतिक महासंघाची ऑलिंपिक मान्यता २०२३ मध्ये गेली, ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ ही नवी संघटना उभी राहिली, आणि मार्च २०२५ मध्ये खेळ यादीत परत आला. याच शहरात १९८४ साली अमेरिकेने नऊ सुवर्णं घेतली होती. क्युबा आणि सोव्हिएत संघ आले नव्हते, हेही सांगायला हवं. २०२८ मध्ये पुरुषांनी दोन जरी आणली तरी मी पेढे वाटीन.