लॅमिनेशन करू नका! | गेम आधी कागदावर कसा तपासायचा

(कार्ड कॅमेऱ्याजवळ धरते.)

हे काय आहे, ओळखा. नाही, वाण्याची यादी नाही. माझ्या नव्या गेमचं कार्ड आहे. मागच्या व्हिडिओत हे जेमतेम दोन सेकंद दिसलं, तर खाली कमेंट, "ताई, अक्षर जरा सुधारा." दुसरी, "कॅनव्हावर फुकट टेम्प्लेट मिळतात." एकाने तर इन्स्टावर सावंतवाडीच्या गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा, फोटो पाठवला, पत्ते असे असतात म्हणून. दादा, गंजिफा मलाही फार आवडतात. दशावतारी गंजिफात 120 पत्ते, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. पण रंगवणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं की एका अवताराचे बाराच पत्ते करायचे आहेत. माझ्या गेममध्ये उद्या किती पत्ते उरणार, हे मला आज माहीत नाही.

तर विषय पेपर प्रोटोटाइप, म्हणजे खेळून तपासायला कागदावर केलेला गेमचा कच्चा नमुना. सगळे विचारताय म्हणून सामान पटापट सांगते. साधे कागद, पेन्सिल, खोडरबर, कात्री, एक फासा, पत्त्यांचा एक जुना कॅट. नाण्यांच्या जागी चिंचोके, प्याद्यांच्या जागी शर्टाची बटणं. कार्डाचं माप 63 बाय 88 मिलिमीटर धरा, एका ए-फोर कागदातून नऊ निघतात. प्लॅस्टिकचं स्लीव्ह, म्हणजे एक पत्ता मावेल असं पारदर्शक पाकीट, घ्या, मागे जुना पत्ता, पुढे तुमची चिठ्ठी. जुन्या लग्नपत्रिका कापूनही कार्डं होतात, मी केलीत, पण प्रत्येक पत्रिकेची जाडी वेगळी. दोन डावांत लोक पाठीवरून कार्ड ओळखायला लागतात. माझ्या भावाने तर "हे चुलत आत्याच्या लग्नातलं, म्हणजे दंड" इथपर्यंत मजल मारली. म्हणून स्लीव्ह. झालं सामान.

आता मुद्दा. सुंदर करू नका. हे मी आज परत परत म्हणणार आहे, कंटाळलात तर कंटाळा.

मी हे पैसे घालवून शिकले. माझा पहिला गेम गणपती मंडळावर होता. वर्गणी गोळा करा, देखावा उभारा, ढोलपथक ठरवा, दहा दिवसांच्या दहा फेऱ्या. मी महिनाभर कार्डं डिझाइन केली. प्रत्येक कार्डावर छोटासा मोदक. रंगीत प्रिंट, मग 54 कार्डांना लॅमिनेशन, कोपरे गोल कापून. हातात घेतल्यावर असं वाटलं की आता बाजारातच नेऊन ठेवावं.

पहिला डाव घरीच. त्यात 'कार्यकर्ता' नावाचं कार्ड होतं. किंमत 10, आणि पुढच्या फेरीपासून दर फेरीला 5 वर्गणी आणून देणार. मावशीने पहिल्याच फेरीत घेतलं आणि तिथेच डाव संपला, फक्त आम्हाला ते कळायला आणखी नऊ फेऱ्या लागल्या. गणित बघा ना. उरलेल्या नऊ फेऱ्यांत 45 येणार, किंमत वजा जाता 35 निव्वळ. आमच्याकडे तेवढ्यात एक मखरसुद्धा झालं नव्हतं. मावशी बँकेतून निवृत्त झालीय. ती म्हणाली, "अगं, हे पाच कसले, दोन कर. हे तर सावकारी व्याज झालं."

बरोबर होतं तिचं. दोन केलं तर पहिल्या फेरीत घेणाऱ्याला 18 मिळतात, आठचा फायदा. पाचव्या फेरीत घेतलं तर पुढच्या पाच फेऱ्यांत दहा, म्हणजे ना नफा ना तोटा. त्यानंतर घेणारा बुडाला. म्हणजे आता 'कधी घ्यायचं' हा प्रश्न तयार झाला. खेळ तिथे आहे! एका आकड्यात. आणि तो आकडा प्लॅस्टिकखाली, शेजारी गोड मोदक. मी काय म्हणाले माहितेय? "नाही गं, आधी असंच खेळून बघू." का? कारण 54 कार्डांचे पैसे गेले होते. मी गेम वाचवत नव्हते, लॅमिनेशन वाचवत होते.

हीच गोष्ट समोरच्याच्या बाजूने बघा. तुम्ही कुणापुढे चकाचक वस्तू ठेवली की तो माणूस काय म्हणणार? "वा, किती मेहनत घेतलीयस!" "छान आहे गं." हे "छान आहे" माझ्या डोक्यात जातं. आपल्याकडे कुणाच्या घरी गेल्यावर पोह्यांत मीठ कमी आहे असं कोणी सांगतं का? नाही सांगत, मुकाट्याने खातो. सुंदर प्रोटोटाइपचं तेच होतं. मावशी अपवाद आहे, ती पोह्यांबद्दलही बोलते. आता मी फाटक्या चिठ्ठ्या ठेवते आणि प्रत्येकासमोर एक पेन्सिल. ज्याला जे खटकेल त्याने कार्डावरच खोडायचं, मला विचारायचं नाही. शेजारचे काका, ज्यांनी कधी "छान आहे" शिवाय काही म्हटलं नव्हतं, त्यांनी पहिल्याच डावात तीन कार्डांवर काट मारली. काटही अशी, की कागद फाटला.

थोडं विषयांतर. "ताई, मला मोबाईल गेम करायचाय, युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर शिकतोय, कागद कशाला?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो. कागदावर निर्णय तपासता येतात. काय विकत घेऊ, कुठे जाऊ, धोका पत्करू का. उडी कशी वाटते, गाडी वळताना हाताला काय जाणवतं, हे कागद सांगू शकत नाही. तिथे कोडच लिहा. पण दुकान, पातळ्या, बक्षिसं, शत्रू किती वेळाने येणार, हे सगळं टेबलावर होतं, आणि कॉम्प्युटरचं काम तुम्ही स्वतः करायचं. 2008 साली आलेला पँडेमिक हा रोगाच्या साथी रोखायचा बोर्डगेम घ्या. ज्या शहराचं कार्ड निघेल तिथे रोग पसरतो. त्यात साथ भडकली की शहरांची वापरलेली कार्डं पिसून परत गठ्ठ्याच्या वर ठेवतात, म्हणून तीच तीच शहरं पुन्हा आजारी पडतात. ही युक्ती पत्त्यांच्या साध्या कॅटवर दहा मिनिटांत अनुभवता येते. करून बघा, पोटात गोळा येतो की नाही.

आणि आकड्यांचंच बोलायचं तर स्क्रॅबल, अक्षरांच्या ठोकळ्यांतून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ. तो बनवला अमेरिकेत मंदीच्या काळात काम गेलेल्या एका आर्किटेक्टने, आल्फ्रेड बट्सने. कोणतं अक्षर इंग्रजीत किती वेळा येतं, हे त्याने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून काढलं. पण 'एस'चे फक्त चारच ठोकळे ठेवले, कारण शब्दाला 'एस' लावला की अनेकवचन झालं, फार सोपं. मोजणीने आलेला आकडाही त्याने तसाच ठेवला नाही! या खेळाचं सुरुवातीचं रूप म्हणजे लेक्सिको, त्याला तर बोर्डच नव्हता. बोर्ड 1938 मध्ये आला, स्क्रॅबल हे नाव 1948 मध्ये. आता विचार करा, त्याने पहिल्याच वर्षी सगळं लॅमिनेट केलं असतं तर. बरं, तेव्हा आजच्यासारखं लॅमिनेशन नव्हतं, ठाऊक आहे, कमेंटमध्ये लिहू नका.

तिसऱ्यांदा सांगते, या वेळी घड्याळ लावून. (स्टॉपवॉच दाखवते, कार्डावरचा आकडा खोडून नवा लिहिते.) चार सेकंद. लोक अजून टेबलावर आहेत, चहा गरम आहे, त्यांना आत्ताचा डाव आठवतोय. लगेच दुसरा डाव. माझ्या लॅमिनेटेड कार्डाला हाच बदल करायला फाइल उघडा, प्रिंट काढा, दुकान बंद, सोमवारी या. तोवर मावशी गावाला गेलेली असते. एकाने सुचवलं होतं, वर पांढरा स्टिकर लावा. लावले. चौथ्या डावापर्यंत स्टिकरवर स्टिकर, कार्डं इतकी जाड झाली की पिसताच येईनात.

मग सुंदर कधी करायचं? विचारणारच तुम्ही. माझा नियम असा, वेगवेगळ्या माणसांबरोबर सलग तीन बैठका अशा झाल्या पाहिजेत की कोणी खोडरबर उचललाच नाही. त्या गणपती मंडळाच्या गेमची अकरावी बैठक गेल्या रविवारी झाली. खोडरबर चार वेळा उचलला गेला, त्यातला तीन वेळा मावशीने.