गाण्याच्या वेळी बाहेर जाऊ नका

अध्यक्षमहोदय आणि रसिकहो,

पत्रिकेवर ‘राज खोसला : जीवन आणि शैली’ असा भारदस्त विषय छापलेला आहे आणि तो मी पुरा करीनच. परंतु माझ्या डोक्यात कित्येक वर्षे एकच गोष्ट घोळते आहे आणि ती ऐकवण्यासाठी आपल्यासारखे तावडीत सापडलेले श्रोते वारंवार मिळत नाहीत. ती गोष्ट अशी, की हिंदी चित्रपटांचे दिग्दर्शक असलेल्या या खोसलांच्या चांगल्या चित्रपटातले गाणे कापले, तर कथाच लंगडी होते.

याचा पहिला पुरावा मला माझ्या मामांनी दिला. आमच्या गावातल्या टॉकीजमध्ये खोसलांचा १९५६ चा ‘सी. आय. डी.’ काही वर्षांनी पुन्हा लागला होता. गाणे सुरू झाले की बाहेर जाऊन विडी ओढून यायचे, हा मामांचा नेम होता. त्याप्रमाणे शमशाद बेगमचा ‘कहीं पे निगाहें’चा सूर लागताच ते उठले. पडद्यावर देव आनंद खलनायकाच्या घरात अडकलेला होता. विडी विझवून मामा परत आले, तो नायक मोकळा! त्यांनी शेजारच्या गृहस्थाला विचारले, “हा सुटला कसा?” गृहस्थ पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, “गाण्यात सुटला.” (हशा) मी जे तासभर सांगणार आहे, ते त्या गृहस्थाने दोन शब्दांत सांगून टाकले होते. वहिदा रेहमान गाऊन खलनायकाला गुंतवून ठेवते आणि तेवढ्यात नायक निसटतो. म्हणजे बाहेर जाणाऱ्याने विडीपायी चित्रपटातला कळीचा प्रसंगच घालवलेला असतो. त्याच टॉकीजचा ऑपरेटर शेवटच्या एसटीच्या प्रवाशांची सोय म्हणून रात्रीच्या खेळातली गाणी सर्रास गाळत असे. त्याला मी अजून क्षमा केलेली नाही.

ही सवय खोसलांना कुठून लागली? ३१ मे १९२५ रोजी पंजाबातल्या राहों गावी जन्मलेला हा माणूस मुळात गायक होण्यासाठी मुंबईत आला होता. शास्त्रीय संगीताची तालीम झालेली होती, आकाशवाणीवर नोकरीही केली होती; पण पार्श्वगायनात जम बसला नाही आणि देव आनंदच्या ओळखीने तो गुरुदत्तांचा सहायक झाला. १९५५ साली ‘मिलाप’ हा त्याचा पहिला चित्रपट आला, तेव्हा संगीतही एका नवख्याकडेच सोपवले होते. ते नवखे म्हणजे आपल्या गोव्याचे दत्ता नाईक, अर्थात एन. दत्ता. स्वतःचा गळा मागे राहिला, तरी कान मात्र शेवटपर्यंत गवयाचाच राहिला.

अर्थात गवयाचा कानही चकतो. ‘वह कौन थी’साठी मदनमोहन यांनी बांधलेली ‘लग जा गले’ची चाल खोसलांनी पहिल्या ऐकण्यात नापसंत केली होती आणि पुन्हा ऐका म्हणून आपल्याला गळ घालावी लागली, असे त्या चित्रपटाचे नायक मनोजकुमार सांगत असत. आम्हां समीक्षकांना तेवढाच दिलासा. पण त्याच चित्रपटातल्या ‘नैना बरसे’ची हकीकत मला अधिक प्रिय आहे. चित्रीकरणाची वेळ आली तेव्हा लताबाई आजारी होत्या आणि त्यांच्या आवाजात गाणे तयार नव्हते. मग मदनमोहन यांच्याच आवाजात ते ध्वनिमुद्रित करून घेतले आणि नायिका साधनाने त्यावर ओठ हलवले. पांढऱ्या साडीतली ती गूढ बाई, भोवती धुके, आणि कर्ण्यातून घुमणारा भरघोस पुरुषी आवाज! बघ्यांची काय करमणूक झाली असेल, ती आपण कल्पनेनेच पाहायची. पण आज पडद्यावर पाहा. त्या सुरातली आर्तता साधनाच्या डोळ्यांत उतरलेली दिसते, आणि ती तिने मदनमोहन यांच्या गळ्यातून उचलली होती, अशी माझी समजूत आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली असे ती म्हणते, म्हणजे पाचच धरायला हवीत. तेव्हा ‘शैली’ आता धावतपळत.

खोसलांकडे आधी आवाज येतो, मग बाई दिसते, आणि ती कोण हे तर फार उशिरा कळते. ‘वह कौन थी’ (१९६४), ‘मेरा साया’ (१९६६) आणि ‘अनिता’ (१९६७) या साधनाच्या तिन्ही रहस्यपटांत तोच धागा आहे. ‘काला पानी’त नायक कोठ्यावर गातो तो माहिती काढण्यासाठी, ‘मेरा गाव मेरा देश’मध्ये बांधून घातलेल्या नायकाचे काय करायचे, हा प्रश्नच गाण्याचा मुखडा होतो. ‘दो रास्ते’ आणि ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ हे दोन्ही चित्रपट चंद्रकांत काकोडकरांच्या मराठी कथांवरचे, पण त्यांविषयी बोलायला आता वेळ नाही.

‘मेरा साया’ मात्र सोडता येत नाही, कारण तो राजाभाऊ परांजप्यांच्या ‘पाठलाग’वरून घेतलेला आहे. आपण मराठी माणसे “मूळ आमचे” म्हणून तिथेच थांबतो. ‘पाठलाग’मध्ये गदिमांच्या शब्दांत, दत्ता डावजेकरांच्या चालीवर आशाबाई सांगतात, की ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ तुमच्याभोवती फिरत राहतील. खोसलांनी कथा घेतली तेव्हा ती पाखरे त्यांना सोडून देता आली असती. पण त्या एका गाण्यावर सारी कथा तोललेली आहे, हे त्यांच्या कानाने ओळखले. हिंदीत पाखरांची सावली, म्हणजे ‘साया’ झाली (लताबाईंचे ‘मेरा साया साथ होगा’), आणि चित्रपटाचे नावही तीच सावली झाली.

बोलणे इथेच थांबवतो. ध्वनिक्षेपकावर आता आधी आशाबाईंचे आणि लगेच लताबाईंचे गाणे लागेल. चहा मागच्या दालनात आहे, पण तो गाण्यांनंतर.