पौलाचा भाचा

यरुशलेम, सुमारे इ.स. 57. मंदिराच्या वायव्य कोपऱ्याला लागून असलेली ही अँटोनिया गढी, रोमी फौजेचा तळ. आत ख्रिस्ताचा प्रेषित पौल कैदेत आहे. बाहेर चाळीसहून अधिक जणांनी शपथ वाहिली आहे : पौलाचा जीव घेईपर्यंत अन्नपाण्याला शिवायचं नाही.

बेत असा. यहुद्यांच्या मुख्य याजकांनी आणि वडिलांनी गढीतल्या रोमी सरदाराला कळवायचं, 'नीट चौकशी करायची आहे, उद्या त्याला न्यायसभेपुढे आणा.' पौल सभेच्या जवळ पोचण्याआधीच दबा धरलेल्यांनी त्याला गाठायचं.

पौलाच्या बहिणीच्या मुलाला याचा सुगावा लागतो आणि तो थेट गढीत शिरतो. बायबलच्या नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय 23, वचन 16. हे वचन घाईने ओलांडू नये. कटाला मुख्य याजकांची साथ आहे. बातमी कुणी फोडली हे कळलं तर या पोराची धडगत नाही.

मामाला सांगून त्याला परतता आलं असतं. पण बंदिवान एकटा काय करणार? पौल शताधिपतीला, म्हणजे शंभर शिपायांवरच्या रोमी अधिकाऱ्याला, बोलावतो आणि एवढंच म्हणतो, "या तरुणाला सरदाराकडे न्या, त्याला काही सांगायचं आहे." काय सांगायचं आहे, ते शताधिपतीलाही कळू देत नाही. फार शहाणपणाचं केलं त्याने.

सरदार क्लौद्य लुसिया मुलाचा हात धरून त्याला बाजूला नेतो. मुलगा नेमकं बोलतो : मागणी कोण करणार, कधी, कोणतं निमित्त पुढे करून, दबा धरून किती जण. वर रोमी सरदाराला बजावतो, "त्यांचं ऐकू नका." शेवटी सगळ्यात मोलाची गोष्ट : ते तयारीत आहेत, फक्त तुमच्या होकाराची वाट पाहताहेत. म्हणजे अजून वेळ आहे.

'हे कुणाला कळता कामा नये,' अशी ताकीद देऊन सरदार त्याला घरी धाडतो. पौल रोमी नागरिक. ताब्यात असताना त्याचा खून झाला तर जाब सरदारालाच द्यावा लागणार. त्याच रात्री 9 वाजता निघायचा हुकूम सुटतो : 200 शिपाई, 70 घोडेस्वार, 200 भालाईत. पौलासाठी जनावरंही. सुमारे 60 किलोमीटरवरच्या अंतिपत्रिसपर्यंत रातोरात मजल. तिथून पायदळ माघारी फिरतं, स्वार पौलाला रोमी सुभेदाराचं ठाणं असलेल्या कैसरियाला पोचवतात.

सुभेदार फेलिक्सला दिलेल्या पत्रात सरदार कट कळल्याचं लिहितो. मुलाचा उल्लेख नाही. पाच दिवसांनी महायाजक हनन्या वकील घेऊन कैसरियाला येतो. पौलावरचे आरोप आता सुभेदारापुढे, उघडपणे मांडावे लागणार आहेत.