शितातलं मीठ आणि सभेतली माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

आज दुपारी तुमच्या घरी भात शिजला, तेव्हा मीठ शिजतानाच घातलं होतं की मागाहून? प्रश्न खुळचट वाटेल. पण याच गोव्यात एके काळी याचं उत्तर देताना माणसाची बोबडी वळली असती. १७३६ सालच्या एप्रिल महिन्यात इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयानं, एक फर्मान काढलं. ख्रिस्ती झालेल्या गोमंतकीयांनी काय काय करायचं नाही, याची त्यात लांबलचक जंत्री आहे. तुळस लावायची नाही. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही. बायकांनी चोळी घालायची नाही. आणि त्याच जंत्रीत हेही आहे, की भात बिनमिठाचा शिजवून वरून चवीपुरतं मीठ घ्यायचं नाही, कारण हिंदू तसं करतात.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो. मग आईचा हात डोळ्यांपुढे आला. पान मांडलं की ती आधी चिमूटभर मीठ वाढायची, मग बाकीचं. भातात मीठ कधीच नसायचं. कागदावर तो धर्माचा मामला होता, हे खरं. पण शितातल्या मिठाचा कुठल्या देवाशी संबंध? संबंध होता तो 'आम्ही' आणि 'ते' यांच्याशी. तुमचं खाणं, नेसणं, अंगण जोवर आमच्यासारखं होत नाही, तोवर तुम्ही अजून पलीकडचेच.

पलीकडचे म्हणजे कुठले? तर रानातले. शब्दच बघा ना. 'रानटी' हा रानातून आला. पोर्तुगीजमध्ये रानटी माणसाला 'सेल्वाजें' म्हणतात, आणि 'सेल्वा' म्हणजेही रानच. उलट बाजूला आपला 'नागर' नगरातला, आणि युरोपातला 'सिव्हिल' लॅटिनमधल्या नागरिकाच्या शब्दातून आलेला. दोन दूरच्या भाषा, पण कुंपण अगदी एकाच जागी घातलेलं. ज्याची भाषा आपल्याला कळत नाही तो ग्रीकांचा 'बार्बारोस', आणि संस्कृतातला 'म्लेच्छ' हा शब्दही मुळात अस्पष्ट बोलण्यावरूनच. म्हणजे ऐकू न येण्याचा दोष आपल्या कानाचा, आणि खापर त्याच्या तोंडावर.

मला मात्र जास्त गंमत वाटते ती 'सभ्य' या शब्दाची. सभ्य म्हणजे सभेत बसण्याच्या लायकीचा. आता ही सभा कुणी बांधली, ते आठवा. महाभारतात पांडवांच्या वाट्याला खांडवप्रस्थ येतं. शेजारी खांडववन. अग्नीला भूक लागते आणि ते वन पेटवलं जातं. एका बाजूला कृष्ण, दुसऱ्या बाजूला अर्जुन. जे प्राणी, जे नाग जीव घेऊन बाहेर पळतात, त्यांना पुन्हा आत लोटण्यासाठी. आपण लहानपणी ही कथा पराक्रमाची म्हणून ऐकली. त्या आगीतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जीव वाचले. तक्षकाचा मुलगा, शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं, आणि मय नावाचा असुर. हा मय जीव वाचल्याची परतफेड म्हणून युधिष्ठिराला सभा बांधून देतो. चौदा महिने खपून. जमीन की पाणी कळू नये अशी.

म्हणजे आपल्या परंपरेतली सगळ्यांत देखणी सभा, जळालेल्या रानातून निसटलेल्या एका असुरानं उभारली. हे व्यासांनी सहज लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मत्सरानं दुर्योधन पेटतो, हस्तिनापुरात दुसरी सभा बांधली जाते, फासे पडतात आणि द्रौपदीला ओढत आणतात. तिथं राक्षस नव्हते, पिशाच्च नव्हते. सगळे सभ्यच होते. भीष्म होते, द्रोण होते. तिनं एक साधा प्रश्न विचारला आणि भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे. तोंड उघडलं ते विकर्णानं, कौरवांतल्या एका धाकट्या भावानं; आणि विदुरानं, जो दासीचा मुलगा. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

सभेत बोलावून काय होऊ शकतं, हे गोव्यानंही पाहिलं आहे. साष्टीतलं कुंकळ्ळी. देवळं पाडली जात होती, लोक धुमसत होते. जुलै १५८३ मध्ये तिथं जेझुइट या ख्रिस्ती पंथाचे पाच धर्मप्रचारक मारले गेले. त्यांत रुदोल्फ अक्वाविवा हे एक होते, जे काही महिन्यांपूर्वीपर्यंत अकबराच्या दरबारात धर्मचर्चा करत होते. निःशस्त्र माणसांना असं मारणं, याला दुसरं काय म्हणणार? रानटीपणाच. पण पुढं ऐका. नंतर कुंकळ्ळी आणि आसपासच्या गावांतल्या सोळा गांवकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, असोळण्याच्या किल्ल्यात बोलणी करायला बोलावलं. बोलणी! गेलेल्यांना खटला न चालवताच ठार केलं. एकजण तेवढा निसटला, असं सांगतात. पहिली हत्या संतापाच्या गर्दीत झाली. दुसरी थंड डोक्यानं, निरोप धाडून, भिंतीच्या आत. युरोपनं पहिल्या पाचांची नावं जपली, १८९३ मध्ये चर्चनं त्यांना 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या वाटेवर नेलं. गांवकारांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं राहायला आपलं शतक उजाडावं लागलं.

आता काळाची एक उडी मारू. पोर्तुगालच्या १९३० च्या वसाहत कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं, की वसाहतींतल्या मूळच्या लोकांना सुधारणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं कर्तव्य आहे. त्याच वर्षी गोमंतकीय पत्रकार लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधानमंडळात त्याविरुद्ध ठराव मांडला. आफ्रिकेत तर माणसांची सरळ प्रतवारी होती. अंगोला, मोझांबिक आणि गिनीमध्ये काळा माणूस जन्मतः 'इंदिझना', म्हणजे नागरिक नसलेला 'मूळचा रहिवासी'. १९५४ च्या नियमाप्रमाणं त्याला नागरिक व्हायचं असेल तर पोर्तुगीज नीट बोलता यायला हवं, पोटापुरतं कमावता यायला हवं, वर्तणूक चांगली हवी. हे सिद्ध करायचं कुणापुढे, तर साहेबापुढे. गोव्याला ही प्रतवारी लागू नव्हती. मोझांबिकच्या कचेऱ्यांत कितीतरी गोंयकार कारकून होते, आणि तिथं ते सुधारलेल्यांत मोडत. ज्याच्या पूर्वजाची हंडी मिठासाठी तपासली गेली असती, तो आता कुंपणाच्या अलीकडे. ती प्रतवारी १९६१ च्या सप्टेंबरमध्ये रद्द झाली. त्याच डिसेंबरात आपण मुक्त झालो.

आणि मग सगळे सारखे झालो? आपल्याकडे एखाद्याला वागण्याचा पोच नाही असं वाटलं, की पटकन काय म्हणतात? 'गावडो खंयचो!' गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला २००३ मध्ये. कायद्यानं मान दिला, जिभेनं अजून दिलेला नाही. घाट उतरून आलेला प्रत्येकजण तर 'घांटी'. घाट म्हणजे तरी काय? रानच ना! ज्यांच्या हातांनी आपली घरं उभी राहिली, ते आपले मयासुर, असं मी वर्गात मुलांना सांगायचो. टाळ्याही घ्यायचो, खोटं कशाला बोलू.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. फोंड्याहून मडगावला जाणाऱ्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो. शेजारची जागा रिकामी. एक बाई चढली, धारवाडी पद्धतीचं इरकली लुगडं, कमरेवर पोर, हातात सिमेंट लागलेलं घमेलं. ती माझ्या शेजारी टेकणार, तोच मागून एका इस्त्रीच्या शर्टातल्या गृहस्थानं म्हटलं, ''गो घांटी, थंय फाटल्यान रावगे, लोकांचे कपडे घाण जातले.'' म्हणजे, मागं जाऊन उभी राहा, लोकांचे कपडे घाण होतील. आवाज चढवला नाही. अगदी सभ्य स्वरात. बस भरलेली होती. दोन शिक्षिका, कॉलेजची मुलं, एक पाद्री, मी. बाईनं काही न बोलता घमेलं पुढ्यातून बाजूला घेतलं आणि दांडा धरून उभी राहिली. पोर माझ्याकडे बघत होतं.

माझ्या ओठांवर वाक्य आलं होतं. चांगलं, घोटीव मराठी वाक्य. मी ते मनात दोनदा जुळवलं. तेवढ्यात बोरीचा पूल आला. मी खाली पाहिलं. जुवारीला भरती होती.

नमस्कार.