नकळत घडलेल्या पापाची क्षमा कशी मागायची?

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम.

समजा, लक्ष्मीपुरीत एकाचं धान्याचं दुकान आहे. काटा बिघडलाय, किलोमागे 20 ग्रॅम कमी जातायत. त्याला पत्ता नाही, आणि शाळू नेणाऱ्या मावशींनाही नाही. पुढं कधीतरी काटा तपासला जातो आणि उघडकीला येतं. तो म्हणतो, "मी काय मुद्दाम केलं का?" नाहीच केलं. पण मावशींच्या डब्यात तेवढं धान्य कमीच पडलं ना!

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा चौथा अध्याय काढा. रक्त, चरबी, राख असं सगळं असल्यामुळं आपण ही पानं भराभर उलटतो. मला मात्र हा अध्याय फार दयाळू वाटतो. चुकून पाप घडलं तर काय करायचं, एवढाच त्याचा विषय. अभिषिक्त याजकाकडून, म्हणजे तेलानं अभिषेक झालेल्या पुरोहिताकडून घडलं तर गोऱ्हा अर्पायचा. सगळ्या इस्राएल मंडळीकडून घडलं तरी गोऱ्हाच. अधिकाऱ्यानं बकरा आणायचा, सामान्य माणसानं बकरी किंवा मेंढी. म्हणजे एकट्या याजकाची चूक अख्ख्या मंडळीच्या चुकीएवढी जड! आम्ही जे पुढं उभं राहून शिकवतो, त्यांनी हे दोनदा वाचावं.

पाचव्या अध्यायात गरिबाची सोय आहे. मेंढरू परवडत नसेल तर दोन पारवे किंवा होले. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे दोनेक लिटरचं माप. पैसा नाही म्हणून क्षमेवाचून परत पाठवलं, असं तिथं कुणालाच नाही.

आता नीट बघा. अर्पण कधी आणायचं? पाप त्याच्या लक्षात आल्यावर. कळलं, की त्या क्षणापासून जबाबदारी सुरू. काट्याचा दोष कळल्यावरही "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणत विक्री चालू ठेवली, तर ते पाप आता नकळत राहिलं नाही.

आज आपण बकरी आणत नाही. ख्रिस्तानं एकदाच आणि सर्वांसाठी स्वतःला अर्पण केलं, असं इब्री लोकांस पत्र सांगतं. पण काही विश्वासणारे, विशेषतः वयस्कर माणसं, रात्र रात्र झोपत नाहीत. एखादं पाप आठवायचं राहिलं तर देव मला टाकेल का? माझ्या माणसांनो, 1 योहान 1:9 वाचा. आपण पापं पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर तो क्षमा करतो आणि सगळ्या अनीतीपासून शुद्ध करतो. सगळ्या! फक्त आठवलेल्या नव्हे. दावीद राजानंही स्तोत्र 19 मध्ये आपल्याला न दिसणाऱ्या दोषांपासून सोडवण्याची विनंती केली. यादी पुरी करत बसला नाही. तेवढी प्रार्थना करा आणि झोपा.

माणसांच्या बाबतीत मात्र नुसती प्रार्थना पुरत नाही. मत्तय 5:23 मध्ये प्रभू काय म्हणतो? वेदीपाशी आल्यावर आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. दुखावलेला तो आहे, आणि जायचं तुम्ही. उपासनेनंतर घाईत तुम्ही एखाद्या काकूंचा सलाम न घेता गाडीला किक मारली असेल. त्या महिनाभर मनात धरून बसल्यात. कळलं की त्यांच्या दारात जा. "तुम्हीच गैरसमज करून घेतला" असं सुरू करू नका. "काकू, माझं चुकलं" म्हणा, आणि त्यांना बोलू द्या.

एक प्रश्न नेहमी येतो. ज्याची माफी मागायची तो माणूसच आता हयात नाही, मग? बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नुकसानीबद्दल नियम आहे: कबुली द्यायची, पूर्ण भरपाई करायची, वर पाचवा हिस्सा घालायचा. घ्यायला जवळचा नातलगही नसेल तर ती भरपाई परमेश्वराची, ती याजकाकडं द्यायची. तेव्हा त्यांची मुलं असतील तर मुलांकडं जा. कुणीच नसेल तर पाळकांजवळ मोकळेपणानं बोला, आणि देणं असेल ते मंडळीतल्या गरजूच्या हाती द्या.