रणगाडा गेला, माणसं परतली का?

मित्रहो, २०२२ पासून माझ्या मोबाइलवर युक्रेनच्या युद्धातल्या जळक्या रणगाड्यांचे फोटो येत असतात. जुने सोबती पाठवतात, भाचे-पुतणे पाठवतात, आमच्या सोसायटीतली कॉलेजची मुलं पाठवतात. खाली प्रश्न ठरलेला: काका, आज किती गेले?

मी फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होतो. रणगाडे चालवणारे वेगळे, तोफ डागणारे वेगळे. आमचं काम रुतलेला, मोडलेला, सुरुंगावर गेलेला रणगाडा ओढून मागे आणायचं आणि परत उभा करायचं. रिकव्हरी म्हणतो आम्ही त्याला. त्यामुळे असा फोटो आला की माझी नजर आधी झाकणांवर जाते. बुरुजावरची, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागावरची, हॅचेस उघडी आहेत का? मागचा दरवाजा खाली पडलाय का? उघडं दिसलं तर आतली पोरं बाहेर पडली असतील, असं वाटून जरा बरं वाटतं. आकडा त्यानंतर. युक्रेनच्या युद्धाबद्दल मला बोलायला सांगितलंय, ते मी याच बाजूने बोलणार आहे.

तरी आकड्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो नीट वाचता आला पाहिजे. दोन्ही सरकारं आपापले आकडे सांगतात, ते बाजूला ठेवा. ओरिक्स नावाचा एक गट फक्त फोटो आणि व्हिडिओ बघून मोजतो. चित्र नाही तर नोंद नाही. त्यांच्या मोजणीत २०२५ पर्यंत रशियाचे ४ हजारांहून जास्त रणगाडे गेलेले आहेत. युद्ध सुरू झालं तेव्हा रशियाच्या चालू ताफ्यात साधारण २,९०० होते. म्हणजे चालू होते त्याहून जास्त गेले, आणि तरी युद्ध थांबलेलं नाही. कारण सोव्हिएत काळातले हजारो रणगाडे उघड्या डेपोंमध्ये उभे होते. २०२२ मध्ये टी-६२ बाहेर निघाले, २०२३ मध्ये तर टी-५४ आणि टी-५५ सुद्धा. माझ्या वडिलांच्या पिढीची यंत्रं ही.

पण मला त्या यादीतले रकाने जास्त बोलके वाटतात. चार रकाने आहेत: नष्ट झालेला, नुकसान झालेला, सोडून दिलेला, शत्रूच्या हाती लागलेला. शेवटच्या रकान्यात रशियाचे पाचशेहून जास्त रणगाडे आहेत. पाचशे! यातले कितीतरी गोळा लागून थांबलेले नव्हते. डिझेल संपलं, चाकांवरचा लोखंडी पट्टा उतरला, चिखलात पोट टेकलं, आणि ओढून न्यायला कुणी आलं नाही. माझ्यासारख्या माणसाच्या जिवाला हा रकाना लागतो.

फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी कीव्हच्या उत्तरेला गाड्यांची ती लांबच लांब रांग तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. उपग्रहातून ६४ किलोमीटर मोजली होती. लोक म्हणाले, आता कीव्ह पडलं. मी ते चित्र बघितलं आणि मनात आलं, या गाड्या रस्ता सोडून खाली का उतरत नाहीत? कारण खाली बर्फ वितळून चिखल झाला होता. युक्रेनची जमीन आपल्या काळ्या मातीची बहीण आहे. त्यातच युक्रेनी लोकांनी इरपिन नदीच्या तोंडाशी असलेला बांध फोडला. देमिदिव गावात लोकांच्या घरांत पाणी शिरलं, पण नदीचं खोरं भरलं आणि चिलखती गाड्यांना ओलांडायची वाट राहिली नाही. पुढचे पूल पाडलेले, रांगेतल्या पुढच्या गाड्यांवर हल्ले, मागून डिझेल नाही. मार्च संपता संपता ते सगळं सैन्य मागे फिरलं.

चिखल म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. आपल्या नगरजवळ के. के. रेंज आहे. एका पावसाळ्यात तिथे सरावाला एक टी-७२ ओढ्याकाठी रुतला. ४१ टनांचं धूड. चालकाने बाहेर काढायला गिअर टाकला तसे पट्टे जागच्या जागी फिरून आणखी खाली गेले, आणि पोट मातीवर बसलं. एकदा पोट बसलं की नुसतं वजन ओढायचं नसतं, माती धरून ठेवते ते वेगळं. आम्ही दोन्ही बाजूंनी फावड्यांनी चर खणले, पोटाखाली हवा जाईल इतके. पट्ट्यांपुढे ओंडके टाकले. वायररोप लावला, आणि मग हवालदाराने सगळ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर हाकललं. ताणलेला वायररोप तुटला तर माणूस कापतो. सकाळी नऊला लागलो होतो, रणगाडा वर आला तेव्हा दिवे लावायची वेळ झाली होती. आणि आमच्यावर कुणी गोळी झाडत नव्हतं. आता तेच काम तोफगोळे पडत असताना करायचं आहे असं समजा, म्हणजे तो चौथा रकाना कसा भरतो ते कळेल.

१९६५ मध्ये खेमकरणजवळ आसल उत्तरला आपल्या लोकांनी हेच केलं होतं. शेतांत पाणी सोडलं, उसात दबा धरला, आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात अडकले. त्या युद्धातला पॅटन आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात उभा आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा त्यांना तोफेबरोबर पट्टेही दाखवा.

आता टी-७२ बद्दल एक गोष्ट, कारण तो आपल्याकडेही आहे, शेकड्यांनी आहे, आणि आपली मुलं त्यात बसतात. या रणगाड्यात गोळा भरायला चौथा माणूस नाही. बुरुजाखाली, तळाशी, एक गोल फिरतं चक्र असतं, त्यात २२ फैरी रचलेल्या असतात. गोळा वेगळा, त्याच्या दारूचा डबा वेगळा. यंत्र उचलून तोफेत भरतं. यामुळे रणगाडा बुटका होतो, लांबून चटकन दिसत नाही. पण तोफ चालवणारा आणि कमांडर हे दोघं अक्षरशः त्या दारूवर बसलेले असतात. चक्रात नसलेले बाकीचे गोळे आत जागा मिळेल तिथे ठेवलेले. वरून किंवा बाजूने मार आत शिरला आणि दारूने पेट घेतला, तर काही टनांचा बुरुज हवेत उडतो. युक्रेनमधल्या फोटोंत रणगाड्यापासून दूर उलटा पडलेला बुरुज दिसतो ना, तो असा. त्या फोटोत मी झाकणं शोधत नाही.

याच्या उलट एक दिवस सांगतो. ८ जून २०२३. जागा झापोरिझ्झिया प्रांतात, ओरिखिव्हजवळचं माला तोकमाच्का गाव. युक्रेनच्या मोठ्या प्रतिहल्ल्याची सुरुवात. युक्रेनची ४७ वी ब्रिगेड पुढे, हातात नवे जर्मन बनावटीचे लेपर्ड रणगाडे आणि अमेरिकेने दिलेल्या, जवान नेणाऱ्या चिलखती ब्रॅडली गाड्या. समोर रशियाने महिनोन्‌महिने खपून तयार केलेली संरक्षक रेषा. सुरुंगांचे पट्टे ठरलेल्या मापापेक्षा कितीतरी खोल, काही ठिकाणी एकावर एक सुरुंग ठेवलेले. टीएम-६२ सुरुंगात सात किलोच्या आसपास स्फोटक असतं. एकाने पट्टा तुटतो, दोन एकदम उडाले तर सुरुंग उकरायला पुढे लावलेला नांगरही मोडतो.

सुरुंगाच्या शेतातून जायचं तर आधी गल्ली पाडतात, आम्ही लेन म्हणतो. पुढे नांगर किंवा ट्रॉल, म्हणजे सुरुंग दाबून उडवणारे जड रोलर, लावलेली गाडी, मागे बाकीचे, चाकोरी न सोडता. त्या दिवशी लेन पाडणारी गाडीच थांबली. मागच्यांची गर्दी झाली. कुणी बगल देऊन पुढे जायला वळलं ते थेट सुरुंगावर. वर ड्रोन, तोफखान्याला नेमकी जागा सांगणारं. लांबून रशियाची का-५२ हेलिकॉप्टरं, आठ-दहा किलोमीटरवरून क्षेपणास्त्र सोडणारी. एका शेतात ब्रॅडली आणि लेपर्ड एकमेकांना चिकटून अडकलेले, हे चित्र जगभर फिरलं. तीच गाडी चार बाजूंनी दाखवली की चार गाड्या वाटतात, हेही तेव्हा पुष्कळ झालं. त्याच आठवड्यात रशियाच्या संरक्षण खात्याने लेपर्ड उडवला म्हणून जे चित्रण दाखवलं त्यात शेतीची यंत्रं होती, हे रशियाच्याच बाजूने लिहिणाऱ्यांनी दाखवून दिलं.

मला ते शेताचं चित्र कितीतरी जणांनी पाठवलं. पाश्चात्त्य शस्त्रांचा फुगा फुटला, असं खाली लिहिलेलं. मी चित्र मोठं करून बघितलं. ब्रॅडलींचे मागचे रॅम्प खाली पडलेले होते, एका मागून एक. नंतर व्हिडिओ आले त्यात जवान रॅम्पवरून उतरून झाडांच्या रांगेकडे जाताना दिसतात, आणि जखमींना घ्यायला दुसरी ब्रॅडली पुढे येते. गाडी मेली होती. तिच्यातली बरीच माणसं जिवंत होती, आणि सुरुंगावर जाऊन आलेला माणूस पुढच्या वेळी काय करू नये हे जाणून असतो.

युक्रेनी सैन्याने पद्धत बदलली. चिलखती रांगा बंद केल्या. रात्री सॅपर, म्हणजे सुरुंग काढणारे जवान, पोटावर सरकत जायचे आणि हाताने सुरुंग काढायचे, मग दहा-पंधरा जणांच्या तुकड्या एका झाडरांगेतून दुसऱ्या झाडरांगेत. गाड्या फक्त सोडायला आणि जखमी आणायला. असं करत रोबोतिने गाव ऑगस्टच्या शेवटी हाती आलं. दहा-बारा किलोमीटरला जवळजवळ तीन महिने. तोकमाक शहर गाठायचं होतं, ते राहूनच गेलं. हे यश होतं असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या दिवसाची चूक त्यांनी रोज केली नाही.

इथे मला रामा राघोबा राणे आठवतात. कारवारकडच्या चेंडिये गावचे, आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरी रस्ता. सुरुंग, आडवी टाकलेली झाडं, वरून उखळी तोफांचा मारा. पहिल्याच दिवशी त्यांचे दोन साथीदार गेले, स्वतः राणे जखमी. तरी रणगाड्यांना वाट करून द्यायला ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले, दोराने चालकाला खूण करत. ज्याला रणगाड्याखालची जागा माहीत आहे त्याने हे डोळ्यांपुढे आणून बघावं. परमवीर चक्र मिळालं त्यांना. पंचाहत्तर वर्षांनी, इतकी यंत्रं आल्यावर, ओरिखिव्हच्या शेतात सॅपर पुन्हा पोटावरच होता.

पद्धत न बदलण्याचं उदाहरण त्याच वर्षी आधी घडलं होतं. वुहलेदार, जानेवारी-फेब्रुवारी २०२३. गाव उंचावर, भोवती उघडी सपाट शेतं. रशियाच्या नौदल पायदळाच्या १५५ व्या आणि ४० व्या ब्रिगेड चिलखती रांगा करून यायच्या, सुरुंगावर अडकायच्या, तोफखाना त्यांना टिपायचा. पुन्हा त्याच वाटेने, आधीच्या जळक्या गाड्यांच्या बाजूने, पुढची रांग. युक्रेनच्या म्हणण्याप्रमाणे १३० च्या वर चिलखती गाड्या तिथे गेल्या. युक्रेनच्या आकड्यातून थोडं वजा करा, तरी आकाशातून घेतलेली चित्रं पुरेशी आहेत. पण गोष्ट इथे सोडली तर ती अर्धवट राहील. ऑक्टोबर २०२४ मध्ये वुहलेदार पडलं, दोन्ही बाजूंनी वळसा घालून. रशियाचं सैन्यही शिकतं. त्याने शिकायची किंमत आपल्या पोरांच्या जिवांत भरली, आणि त्याचा मला राग येतो. ती मुलंही कुणाच्या तरी घरची होती.

२०२४ पासून मात्र माझं जुनं ज्ञान अपुरं पडू लागलंय. साधारण ४० हजार रुपयांत तयार होणारं छोटं ड्रोन, चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा, त्यात ड्रोनच्या नजरेने दिसतं. ते थेट पट्ट्यावर, इंजिनाच्या जाळीवर, उघड्या हॅचमध्ये आणून घालतात. सिग्नल अडवणारी यंत्रं आली, तर केसासारख्या काचेच्या तंतूवर चालणारी ड्रोन आली. मागे किलोमीटरच्या किलोमीटर तंतू सुटत जातो आणि सिग्नल अडवायचा प्रश्नच उरत नाही. अमेरिकेने ३१ अब्राम्स रणगाडे दिले होते, एप्रिल २०२४ मध्ये ते आघाडीवरून मागे घ्यावे लागले. रशियाने रणगाड्यावर पत्र्याची शेडच चढवली, लोक त्याला कासव म्हणतात. बुरुज वळत नाही, बाजूचं दिसत नाही, तरी तेवढाच बचाव.

यात आमच्या कामाचं काय झालं, ते विचारा. रणगाडा थांबला की त्याला ओढायला गाडी येणार, हे समोरच्यालाही माहीत असतं. तो ड्रोन वर ठेवून वाट बघतो. गाडी आली, माणूस दोर लावायला खाली उतरला, की मग मारतो. दोराची कडी अडकवायला सरावाच्या माणसालाही मिनिट-दोन मिनिटं लागतात, आणि ती वाकून, दोन्ही हात गुंतलेले असताना घालवायची. म्हणून आता कित्येक गाड्या जिथे थांबल्या तिथेच राहतात. जे यंत्र आठवड्यात दुरुस्त झालं असतं ते दुसऱ्या दिवशी आणखी तीन ड्रोन मारून जाळून टाकतात, आणि यादीत ते 'नुकसान झालेला' मधून 'नष्ट' मध्ये जातं. आघाडीपासून दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत हीच स्थिती. रस्त्यांवर मासेमारीची जाळी टांगली आहेत, खालून गाड्या जाव्यात म्हणून. पायदळ रात्री पाठीवर ओझं घेऊन चालत जातं.

आणि जखमी? गेल्या आठवड्यात पुतण्याने एक व्हिडिओ पाठवला. मी सवयीने आधी झाकण शोधलं. पट्ट्यांवर चालणारी कमरेइतकी उंच, उघडी गाडी होती. वर स्ट्रेचर, त्यावर पट्ट्यांनी बांधलेला एक जवान, एक हात बाहेर लोंबकळत होता. खड्ड्यांतून ती हळूहळू चालली होती. आजूबाजूला एकही माणूस नव्हता. तिला चालवणारा कुठेतरी मागे एका तळघरात पडद्यासमोर बसलेला असणार. सव्वा मिनिटाचा व्हिडिओ, गाडी झाडांपर्यंत पोचायच्या आधीच संपला. मी पुतण्याला फोन करून विचारलं, पुढचा भाग आहे का?