प्रगतीपुस्तकावरची सही

नमस्कार मैत्रिणींनो. आज जे सांगणारे ते आमच्या घरात कोणी कधी मोठ्यानं बोललं नाही.

बाबा गेले, तेरावा झाला, आणि सातबारा शोधायला म्हणून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तर त्यात मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा, सगळ्या एकाच बाईच्या नावानं, आणि त्याखाली एका मुलीचं सातवीचं प्रगतीपुस्तक. पालकांच्या सहीच्या जागी बाबांची सही होती, शेवटचं अक्षर लांब ओढलेली. माझ्या प्रगतीपुस्तकावर पहिलीपासून दहावीपर्यंत आईचीच सही, बाबा ते हातातसुद्धा घ्यायचे नाहीत. खरं सांगते, दुसऱ्या संसारापेक्षा मला ती सही जास्त लागली.

आईला विचारलं. मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तू पाचवीत होतीस तेव्हापासून माहितीय मला."

मग वारस नोंदीची वेळ आली. दादानं प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलं, 'आमच्याशिवाय अन्य कोणीही वारस नाही', आणि म्हणाला सही कर, विषय संपव. मी नाही केली. रात्रभर झोप नाही, पण नाहीच केली. कारण ते खोटं होतं, आणि शपथेवर होतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं पहिली बायको असताना केलेलं दुसरं लग्न लग्नच धरत नाहीत, पण त्याच कायद्याचं कलम १६ म्हणतं की त्यातली मुलं औरसच. आईबापाच्या वाट्यात त्यांचा हक्क आहे, सुप्रीम कोर्टानं १ सप्टेंबर २०२३ ला तर स्पष्टच सांगितलं की एकत्र कुटुंबाच्या जमिनीत बापाचा जो हिस्सा निघेल त्यातही. म्हणजे बाबांनी जे लपवलं ते आता मी लपवायचं, आणि तेही त्या पोरीच्या तोंडचा घास काढून? आई एवढी वर्षं गप्प बसली ती काय यासाठी?

दादा अजून बोलत नाही माझ्याशी. त्याचं वाईट वाटतं, खूप वाटतं.

प्रगतीपुस्तकावर शाळेचं नाव होतं, त्यावरून विचारत विचारत नंबर मिळाला आणि मी फोन लावला. काय बोलायचं सुचेना, तोंडातून तेच गेलं, तुझ्या प्रगतीपुस्तकावर त्यांची सही आहे गं. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "ताई, सहीपुरतेच यायचे ते. एसटी उभी असायची तोवर."